लयीवर चाल: पार्किन्सन्स आणि पॅरालिसिसनंतर चालणं सुधारण्यासाठी ताल-उपचार, पायरी-पायरीने

हा लेख म्युझिक थेरपीचं मूलभूत प्रशिक्षण झालेल्यांसाठी आणि त्यांच्या बरोबरीने काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टसाठी आहे. विषय एकच: रिदमिक ऑडिटरी स्टिम्युलेशन, थोडक्यात आरएएस. ठरावीक लयीचा ठोका ऐकवून पेशंटची चाल सुधारायची ही पद्धत. इथे फरक आकड्यांत मोजता येतो आणि म्हणूनच थेरपिस्टची चूकही लगेच उघडी पडते. पुढच्या पातळीचं शिक्षण सुरू करायला हे चांगलं ठिकाण आहे.

मायकेल थाउट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीत १९९० च्या दशकात ही पद्धत बांधली. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात पार्किन्सन्सच्या पेशंटनी घरच्या घरी तीन आठवडे, रोज अर्धा तास, लयीवर चालण्याचा सराव केला. चालण्याचा वेग सरासरी २५ टक्क्यांनी वाढला, स्ट्राइडची, म्हणजे दोन पावलं मिळून होणाऱ्या अंतराची, लांबी १२ टक्क्यांनी आणि मिनिटाला पडणारी पावलं १० टक्क्यांनी. पुढच्याच वर्षी स्ट्रोकच्या, म्हणजे मेंदूच्या झटक्याने पॅरालिसिस झालेल्या, पेशंटवरचा अभ्यास आला. त्यात सहा आठवडे, दिवसातून दोनदा अर्धा-अर्धा तास सराव होता आणि लयीवर चाललेल्या गटाची सुधारणा नेहमीची फिजिओथेरपी घेतलेल्या गटापेक्षा ठळकपणे जास्त होती. हे तंत्र आज न्यूरॉलॉजिक म्युझिक थेरपीच्या, म्हणजे मेंदूच्या आजारांसाठीच्या संगीत-उपचाराच्या, वीस प्रमाणित तंत्रांपैकी एक आहे. त्या अभ्यासक्रमाचं पहिलं प्रशिक्षण साधारण ३० तासांचं असतं. तीस तासांत तंत्राची ओळख होते, हात बसत नाही. हात बसण्यासाठी काय करायचं ते पुढे येईल.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून टाकू. ‘अमुक रागाने अमुक आजार’ असे तक्ते आपल्याकडे भरपूर फिरतात. या कामात त्यांचा काडीचा उपयोग नाही. पावलावर परिणाम होतो तो ठोक्यांमधल्या समान अंतराचा. राग, शब्द, पेशंटची आवड यांचं काम वेगळं आहे: माणूस रोज अर्धा तास न कंटाळता चालला पाहिजे. ते कामही महत्त्वाचं आहे, पण दुसऱ्या क्रमांकाचं.

ठोका नेमकं काय करतो

पार्किन्सन्समध्ये बेसल गँग्लिया, म्हणजे मेंदूतली हालचाली सांभाळणारी केंद्रं, बिघडतात आणि हालचालींची आतली वेळ चुकते. पावलं लहान होतात, अनियमित होतात, कधी जमिनीला खिळतात. बाहेरून ठोका मिळाला की हालचालीची वेळ ठरवायला बिघडलेल्या यंत्रणेवर पूर्ण अवलंबून राहावं लागत नाही. दोन-चार ठोके ऐकल्यावर मेंदू पुढचा ठोका कधी येणार याचा अंदाज बांधतो आणि स्नायूंची तयारी त्या क्षणाच्या आधीच सुरू होते. म्हणून पाऊल ठोक्याच्या किंचित आधी टेकलं तर ती चूक नाही, अंदाज बरोबर बसल्याची ती खूण आहे. पेशंट ठोका ऐकून मग पाय टाकत असेल, म्हणजे दर वेळी उशिरा, तर लय त्याच्यात उतरलेली नाही.

याच कारणाने फार सावकाश लय चालत नाही. दोन ठोक्यांमधलं अंतर पावणेदोन-दोन सेकंदांच्या आसपास गेलं की पुढच्या ठोक्याचा अंदाज कोणालाच धड बांधता येत नाही. पेशंट मिनिटाला चाळीसच पावलं टाकत असेल तर ठोका ऐंशीचा लावा आणि एकाआड एक ठोक्यावर पाऊल टाकायला सांगा. विलंबित ख्यालाची लय ऐकायला कितीही भारदस्त वाटली तरी इथे निरुपयोगी आहे.

कोणाला घ्यायचं, कोणाला थांबवायचं

आधार घेऊन का होईना, दहा मीटर चालता येणारा पेशंट हवा. न्यूरॉलॉजिस्टची किंवा उपचार करणाऱ्या डॉक्टरांची लेखी परवानगी हवी. पहिल्या दिवशी फिजिओथेरपिस्ट शेजारी हवा, आणि तोल कच्चा असेल तर दर वेळी.

फ्रॅक्चरनंतर वजन टाकायला मनाई असेल, बीपी आटोक्यात नसेल, छातीत दुखत असेल, ताजी चक्कर असेल किंवा गेल्या काही दिवसांत कारण न कळलेलं पडणं झालं असेल तर सुरू करू नका. संगीत ऐकल्याने फिट येण्याचा प्रकार दुर्मीळ आहे, तरी फिट्सचा इतिहास विचारून घ्यावा. पार्किन्सन्समध्ये उभं राहिल्यावर बीपी उतरणं नेहमीचं असतं. झोपलेलं असताना एकदा आणि उभं राहून तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर आधी डॉक्टरांशी बोला.

ऐकू येतं का हे गृहीत धरू नका. खुर्चीत बसवून मेट्रोनोमवर (समान अंतराने ठोके देणारं यंत्र किंवा अॅप) मिनिटाला ६०, ८० आणि १०० ठोके लावून मांडीवर थाप मारायला सांगा, प्रत्येकी वीसेक ठोके. मग न सांगता आवाज बंद करा आणि थाप तशीच चालू ठेवायला सांगा. आवाज असताना थाप जमते आणि बंद झाल्यावर लगेच विस्कटते, असा पेशंट आरएएसला योग्य आहे, पण त्याची आवाज कमी करत नेण्याची पायरी लांबणार हे आत्ताच लिहून ठेवा. आवाज असतानाही थाप जमत नसेल तर तीच थाप त्याच्या खांद्यावर द्या. स्पर्शाने जमलं तर अडचण कानाची आहे.

सामान

चौदा मीटरचा सरळ, सपाट, मोकळा रस्ता. हॉस्पिटलचा कॉरिडॉर किंवा सोसायटीचा पार्किंगचा पट्टा चालतो. दोन्ही टोकांचे दोन-दोन मीटर वेग पकडायला आणि थांबायला, मधले दहा मीटर मोजायला. सुरुवात आणि शेवट रंगीत चिकटपट्टीने आखा. मोबाइलमध्ये स्टॉपवॉच आणि मेट्रोनोम, एक स्पीकर, हात टेकायच्या दांड्या असलेल्या दोन खुर्च्या, कमरेला बांधायचा सुरक्षेचा पट्टा, बीपीचं मशिन. पायात मागून बंद असलेले बूट किंवा सँडल. साध्या स्लिपर घालून पेशंट आला तर त्या दिवशी चालवू नका, बसून करायचे व्यायाम घ्या.

ब्लूटूथ स्पीकरमध्ये आवाज थोडा उशिरा पोचतो. पेशंट एकटा त्यावर चालत असेल तर काही बिघडत नाही, कारण उशीर प्रत्येक ठोक्याला सारखाच असतो. पण तुम्ही मोबाइलच्या पडद्यावरचा लुकलुकणारा दिवा बघून टाळी देत असाल तर पेशंटला दोन वेगळे ठोके ऐकू जातात आणि पावलं अडखळतात. अशा वेळी वायरचा स्पीकर वापरा किंवा पडदा झाका. दुसरी अडचण घुमणाऱ्या कॉरिडॉरची. फरशी आणि उघड्या भिंती यांमुळे ठोक्याची धार जाते. आवाज वाढवल्याने घुमणं वाढतं, म्हणून स्पीकर पेशंटच्या जवळ आणा आणि आवाज कमी करा. शेजारी चालणाऱ्याशी साध्या आवाजात बोलता येईल इतकाच तो असावा.

पहिली पायरी: मोजणी

या पायरीवर घाई केली की पुढचं सगळं अंदाजपंचे होतं. पेशंटला त्याच्या नेहमीच्या वेगाने, संगीताशिवाय, तीनदा चालवा. सूचना एकच: “काका, रोज चालता तसंच चाला, घाई नाही.” मधल्या दहा मीटरना किती सेकंद लागले आणि किती पावलं पडली ते लिहा. तिन्हींची सरासरी काढा.

समजा १६ सेकंद लागले आणि २२ पावलं पडली. वेग झाला १० भागिले १६, म्हणजे सेकंदाला ०.६२५ मीटर. मिनिटाची पावलं, म्हणजे केडन्स, २२ भागिले १६ गुणिले ६०, म्हणजे ८२.५. एका पावलाची लांबी १० भागिले २२, म्हणजे साधारण ४५ सेंटिमीटर आणि स्ट्राइड त्याच्या दुप्पट, ९१ सेंटिमीटरच्या जवळ. निरोगी प्रौढाचं केडन्स १०० ते १२० च्या दरम्यान असतं. सेकंदाला ०.४ मीटरच्या खाली वेग असलेला पेशंट बहुधा घरापुरताच चालू शकतो आणि ०.८ च्या वर गेला की बाहेर मोकळेपणाने वावरू शकतो. या दोन रेषा लक्षात ठेवा, कुटुंबाला उद्दिष्ट समजावताना त्या उपयोगी पडतात.

याबरोबर ‘टाइम्ड अप अँड गो’ घ्या: खुर्चीतून उठणं, तीन मीटर जाणं, वळणं, परत येऊन बसणं. वळताना किती पावलं लागली तेही मोजा. शेवटी बाजूने आणि समोरून एकेक व्हिडिओ, कमरेपासून खाली. चेहरा घ्यायचा असेल तर लेखी संमती लागते, आणि चेहऱ्याची इथे गरजही नसते.

लेव्होडोपा हे पार्किन्सन्सचं औषध घेणाऱ्या पेशंटची वेळ जुळवणं सर्वांत महत्त्वाचं. गोळी घेतल्यावर तासाभराने आणि पुढची गोळी घ्यायच्या जरा आधी, या दोन वेळी एकच माणूस दोन वेगळ्या माणसांसारखा चालतो. पहिली मोजणी गोळी उतरताना आणि शेवटची गोळी चढलेली असताना झाली, तर कागदावर दिसलेली सुधारणा औषधाची असते. दर वेळी गोळीची वेळ आणि मोजणीची वेळ दोन्ही लिहा. स्ट्रोकच्या पेशंटबाबत काठी, वॉकर, पायाचा स्प्लिंट आणि बूट दर मोजणीला तेच ठेवा.

ठेका निवडताना

पहिल्या दोन-तीन सत्रांत नुसता मेट्रोनोम पुरतो. संगीत आणलं की ठेक्याची निवड आली, आणि आपल्या तालांची रचना माहीत असलेल्या थेरपिस्टला इथे फायदा आहे.

रूपक सात मात्रांचा, झपताल २-३-२-३ असा दहाचा. विभाग असमान असल्याने वजन आलटून पालटून वेगळ्या पायावर आणि वेगळ्या अंतराने येतं. चालीसाठी दोन्ही टाळा. दादरा चालतो, पण पाऊल पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर पडलं पाहिजे. मग प्रत्येक आवर्तनात दोन पावलं होतात आणि सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, कायम एकाच पायावर येते. दर मात्रेला पाऊल टाकायला लावलं तरी सम त्याच पायावर राहते, पण तीन-तीनच्या विभागांमुळे दुसऱ्या विभागाची सुरुवात दुसऱ्या पायावर येते आणि नवख्या पेशंटचा गोंधळ होतो. पॅरालिसिसनंतर कमजोर पायावर वजन कमी दिलं जात असेल तर दादऱ्याची सम त्या पायावर ठेवून बघण्यासारखी आहे.

केरव्यात पाऊल १, ३, ५, ७ या मात्रांवर ठेवलं तर आवर्तनाला चार पावलं पडतात. ‘धा गे ना ती, न क धि न’ या बोलांत पहिल्या आणि सातव्या मात्रेला डग्गा वाजतो, तिसऱ्या-पाचव्याला नाही. म्हणजे प्रत्येक पायाला एक भरीव आणि एक हलका ठोका मिळतो. निरोगी कानाला हे गोड वाटतं. पार्किन्सन्सच्या पेशंटचं मात्र हलक्या ठोक्यावर पाऊल लहान पडताना दिसतं. त्रितालातही तेच: दहाव्यापासून तेराव्या मात्रेपर्यंत डग्गा बंद असतो आणि नेमकं तिथेच पाऊल ढिलं पडतं. उपाय सोपा आहे. तबलजीला सांगा, पाऊल पडेल त्या प्रत्येक मात्रेवर डग्गा घ्यायचा, ‘खाली’ (डग्गा नसलेला भाग) झाकायची. शास्त्राला हे सोडून आहे हे मान्य, पण इथे मैफल नाही. लग्गी, तिहाई, बोलबांट बंद. तिहाई, म्हणजे तीनदा वाजवून समेवर संपणारा तुकडा, ऐकली की माणूस थांबतो, आणि चालता चालता एकदम थांबणं म्हणजे पडणं.

भजनी ठेका महाराष्ट्रातल्या बहुतेक ज्येष्ठांच्या अंगात असतो. वारीत दिंडीची पावली हे तर लयीवर टाकलेलं पाऊलच आहे. त्यामुळे ही निवड लगेच मान्य होते. धोका असा की भजन रंगात आलं की लय चढते, टाळकरी चढवतातच. लहान लहान पावलांनी पुढे धावत सुटणाऱ्या पार्किन्सन्सच्या पेशंटला ही चढती लय थेट तोंडघशी पाडू शकते. भजन घ्यायचं तर लय बांधून ठेवलेलं रेकॉर्डिंग घ्या किंवा वाजवणाऱ्याच्या कानात मेट्रोनोम द्या.

भावगीतं आणि सिनेमाची गाणी निवडताना पूर्ण गाणं टॅप करून तपासा. सुरुवातीचा आलाप ठेक्याशिवाय असतो, मधल्या तुकड्यांत ठेका सुटतो, हातांनी वाजवलेल्या जुन्या गाण्यांत लय सरकते. सुरुवात कापा, मधला भाग कापा, कडव्यांची एकसलग पट्टी बनवा. स्वर न बदलता लय कमी-जास्त करणारी अॅप मोबाइलवर मिळतात, पण मूळ लयीपासून दहा टक्क्यांपलीकडे गेलं की गाणं ओळखीचं वाटत नाही.

आणखी एक बारकावा वॉकरचा आणि काठीचा. चाकं नसलेला वॉकर पुढे, मग कमजोर पाय, मग चांगला पाय, हे तीन हालचालींचं चक्र आहे, त्याला तीन मात्रांची मोजणी लागते. काठी आणि कमजोर पाय एकदम टाकणाऱ्याला दोनाची. तीनाच्या चालीवर चाराचा ठेका लादला की पेशंट ठोका सोडून देतो आणि थेरपिस्ट म्हणतो, यांना लय कळत नाही.

दुसरी पायरी: चालण्याआधीची पाच मिनिटं

पेशंटच्या स्वतःच्या केडन्सवर ठोका लावा, वरच्या उदाहरणात ८२ वर. बसून एकाआड एक टाच आपटणं, मग गुडघा उचलणं. ओट्याला किंवा खुर्चीच्या पाठीला धरून उभं राहून डाव्या-उजव्या पायावर वजन, त्यानंतर पुढे-मागे. वजन सरकवण्यासाठी लय निम्मी मोजा, ४१ ची हालचाल ८२ च्या ठोक्यावर. इथे वजन नीट सरकत नसेल तर पुढे जाऊ नका. चालताना पाय खिळण्यामागे वजन दुसऱ्या पायावर न जाणं हे एक नेहमीचं कारण आहे, आणि ते उभ्या जागी दुरुस्त करणं सोपं असतं.

तिसरी पायरी: स्वतःच्या लयीवर, मग थोडं पुढे

चार ठोके मोकळे द्या, “एक, दोन, तीन, चला.” सूचना एकच असावी: “ठोक्यावर टाच टेका.” ‘पाय उचला’ असं म्हटलं की पेशंट ठोक्यावर पाय उचलतो आणि टेकतो भलत्याच वेळी. उंच उचलायच्या नादात पाऊल आखूडही होतं. तुम्ही कमजोर बाजूला, अर्धं पाऊल मागे, एक हात पट्ट्याला. समोर उभं राहून उलटं चालणं टाळा. पेशंट तुमच्या पायांकडे बघत बसतो आणि त्याचा तोल गेला तर तुम्हाला सावरता येत नाही.

दोन-तीन फेऱ्यांत पाऊल ठोक्याला धरून पडायला लागलं की त्याच लयीवर पाच-सात मिनिटं. मध्ये दोन मिनिटं बसवा. श्रम विचारा: बोलता येतंय पण गाता येत नाही, इतपत ठीक.

लय वाढवायची ती ५ टक्क्यांनी, फार तर १० ने. ८२ वरून ८६, तिथून ९०. प्रत्येक वाढीनंतर दहा मीटर पुन्हा मोजा आणि पावलाची लांबी बघा. ८२ ला पाऊल ४५ सेंटिमीटर होतं आणि ९० ला ४१ झालं, तर दोन्ही वेळा वेग मिनिटाला ३७ मीटरच्या आसपासच राहतो. पाय जास्त हलले, माणूस तेवढाच पुढे गेला. अशा वेळी मागच्या लयीवर परत या आणि लांबीवर काम करा. जमिनीवर आडव्या पट्ट्या चिकटवा, आताच्या पावलापेक्षा चार-पाच सेंटिमीटर जास्त अंतरावर, लय तीच ठेवा. लांबी स्थिरावली की मग ८६.

पार्किन्सन्समध्ये सगळ्यांना एकच माप लावू नका. पाय खिळत नाहीत अशा पेशंटला दहा टक्के वाढलेली लय मानवते. ज्यांचे पाय खिळतात किंवा जे घसरत धावत सुटतात त्यांचं केडन्स मुळात चढलेलं असतं. त्यांना स्वतःच्या लयीपेक्षा सुमारे दहा टक्के कमी लय द्या आणि लांब पावलावर भर ठेवा. केडन्स १२५ असलेल्या पेशंटला १३० चा ठोका लावणं ही या तंत्रातली सर्वांत धोकादायक चूक आहे.

स्ट्रोकच्या पेशंटमध्ये आधी दोन्ही पावलांची वेळ समान करणं, मग वेग. मेट्रोनोमचे ठोके समान असतात, त्यामुळे चांगला पाय पटकन टाकून देण्याची सवय मोडते. सुरुवातीला यासाठी लय स्वतःच्या केडन्सपेक्षा थोडी खाली घ्यावी लागली तरी घ्या.

पाय खिळला तर ओढू नका, ‘चला चला’ म्हणू नका. थांबा, दोन्ही टाचा जमिनीवर, ठोका चालूच. “काकू, आधी डावीकडे वजन, आता उजवीकडे.” असं चारदा हलवून पाचव्या ठोक्यावर पहिलं पाऊल.

चौथी पायरी: घर आणि रस्ता

सरळ कॉरिडॉरमध्ये छान चालणारा माणूस घरी उंबरठ्यापाशी अडकतो. म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून प्रत्येक सत्राची पाच मिनिटं अडथळ्यांना द्या. दार, उंबरठा, अरुंद बोळ, बाथरूमच्या दारातलं वळण, खुर्चीपाशी जाऊन मागे वळून बसणं. घरातल्या कोणालातरी मोबाइलवर या जागांचे फोटो काढून आणायला सांगा, अंदाजाने अडथळे रचण्यापेक्षा ते बरं.

वळताना एका पायावर गिरकी घेऊ देऊ नका. मोठ्या कमानीत, पाच-सहा ठोक्यांत, प्रत्येक ठोक्याला एक पाऊल. त्यानंतर थांबणं आणि सुरू करणं: आवाज बंद झाला की थांबा, आला की चार ठोके ऐकून चाला. शेवटी बोलत चालणं, हातात रिकामं ताट घेऊन चालणं. दोन कामं एकदम आली की पार्किन्सन्सच्या पेशंटचं पाऊल आखूड होतं, त्यामुळे ताट भरण्याआधी आठवडाभर रिकामं चालू दे.

जिन्यासाठी वेगळी, बरीच सावकाश लय लागते. सपाट जमिनीची लय जिन्यावर लावू नका. कठडा नसलेल्या जिन्यावर ताल-सराव करूच नये.

पाचवी पायरी: आवाज काढून घेणं

नवखे थेरपिस्ट ही पायरी गाळतात आणि मग पेशंट स्पीकरशिवाय चालेनासा होतो. क्रम असा: संगीत आणि ठोका, मग त्याच लयीचा नुसता ठोका, मग आठ पावलं आवाज आणि आठ पावलं शांतता, मग आठ आणि सोळा, मग फक्त सुरुवातीचे चार ठोके. शांततेत पेशंटला मनातल्या मनात तेच गाणं म्हणायला सांगा. मोठ्याने म्हटलं तर दम लागतो. शांततेत पावलांची लय किती सरकते ते मोजा. मिनिटाला चार-पाच पावलांपेक्षा जास्त फरक पडला तर एक पायरी मागे.

पार्किन्सन्स वाढत जाणारा आजार आहे, त्यामुळे काहींना ठोका कायमचा लागेल. अशांना खिशात मोबाइल आणि एका कानात इयरफोन द्या, दोन्ही कानांत नको, रस्त्यावर हॉर्न ऐकू आला पाहिजे.

थेरपिस्टचा स्वतःचा रियाज

मेट्रोनोमशिवाय ८४ ची लय दोन मिनिटं वाजवा आणि रेकॉर्डिंग तपासा. शेवटी ८२ ते ८६ च्या आत असाल तर ठीक. मग हेच दुसऱ्याच्या पायांकडे बघत करा. इथे बहुतेकांची लय पेशंटच्या मागे ओढली जाते, पेशंट मंदावला की आपणही मंदावतो आणि ठोक्याचा आधारच संपतो. तिसरा सराव: ८४ वरून सरळ ८८ वर जाणं, ९२ पर्यंत उडी न मारता. चौथा: गाता गाता डाव्या-उजव्या पायाची मोजणी ठेवणं. हे चार जमल्याशिवाय पेशंटसमोर पेटी किंवा डफ घेऊन उभं राहू नका, रेकॉर्डिंग वापरा.

देखरेखीसाठी ज्येष्ठ थेरपिस्टला पूर्ण सत्राची चित्रफीत दाखवण्यापेक्षा तीन तुकडे दाखवा: सुरुवातीच्या दहा मीटरचा, लय बदलली तो क्षण, आणि एखादी अडखळ. अमेरिकेत म्युझिक थेरपिस्टच्या बोर्डाच्या परीक्षेआधी १,२०० तासांचं क्लिनिकल प्रशिक्षण लागतं, ते अशाच देखरेखीखाली. आपल्याकडे बऱ्याच जागी देखरेख करणारं कोणी नसतं. मग निदान त्याच पेशंटच्या फिजिओथेरपिस्टला दर आठवड्याला हे तुकडे दाखवा. चालीतला दोष त्याला आपल्याआधी दिसतो.

नोंद आणि पुन्हा मोजणी

प्रत्येक सत्राची नोंद पाच ओळींत बसते: गोळीची वेळ आणि सत्राची वेळ, सत्राआधीचा बीपी, वापरलेल्या लयी आणि प्रत्येकीवर घालवलेली मिनिटं, किती वेळा पाय खिळला किंवा तोल गेला आणि कुठे, शेवटी आवाजाशिवाय दहा मीटरचे सेकंद आणि पावलं. ‘पेशंटने आनंद घेतला’ हे लिहायचं असेल तर सहाव्या ओळीत.

तीन आठवड्यांनी पहिल्या दिवसासारखीच मोजणी: तीच जागा, तेच बूट, गोळीपासून तेवढाच वेळ, संगीत नाही. वेगात सेकंदाला ०.१ मीटरची वाढ ही पेशंटला स्वतःला जाणवेल अशी वाढ. त्याहून कमी असेल तर मोजणीतला चढउतारही असू शकतो, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा.

घरच्या सरावासाठी पेशंटच्या मोबाइलवर तीनच फाइल ठेवा: स्वतःच्या लयीची, थोड्या बदललेल्या लयीची आणि आठ-आठ शांततेची. रोज एकदा अर्धा तास, मध्ये बसून, घरातलं एक माणूस सोबत. महिन्या-दीड महिन्याने बोलावून मोजा. वेग हळूहळू उतरला असेल तर आधी औषधांच्या वेळा आणि सरावाचे चुकलेले दिवस विचारा, मग पावलाच्या लांबीवर परत या. काही दिवसांतच झपाट्याने उतरला असेल तर सत्र घेऊ नका, पेशंटला डॉक्टरांकडे पाठवा. आणि एका बाजूची ताकद, बोलणं किंवा चेहरा अचानक बदलला असेल तर वाट न बघता थेट हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत न्या.